संमतीचा कागद

बाई, आठवडा झाला, गल्ल्यावर बसलो तरी बसवत नाही, आणि डोक्यात तुम्हीच. नागभीडच्या त्या शाळेत प्रार्थनेचे श्लोक मी सगळ्यांच्या वरच्या आवाजात म्हणायचो. कान तिखट, एकदा ऐकलं की पाठ. सगळ्यांना कौतुक. तुम्ही मात्र बाजूला घेऊन विचारलंत, "तुले येते म्हणून म्हणतं, का म्हणा लागते म्हणून?" संध्याकाळी तुम्ही थेट आमच्या शिलाईच्या दुकानात. अब्बा मशीन थांबवून म्हणतात, "बाई, तुम्ही शिकवान थे चांगलंच राहीन." तुम्ही म्हणता, "थे नाई इचारत मी. तुमची मर्जी इचारते. आज नोका सांगू, उद्या येते." आणि आलात. तेव्हा कुठे अब्बा खाली बघत बोलले, "बसू द्या त्याले, पण श्लोक म्हणाले नोका लावू."

आता मी घुग्घुसला ट्रकच्या टायरचं दुकान चालवतो, आणि हसू नका, आमच्या समाजाच्या अनुदानित शाळेचा अध्यक्ष आहे. तिथे रोज एक तास धर्मशिक्षणाचा. सरकारचं अनुदान घेता, तर पालकांच्या संमतीशिवाय मुलांना त्या तासाला बसवता येणार नाही, असं कोर्टाने पुन्हा बजावलं. तपासणी येणार म्हणून मुख्याध्यापकांनी घाईघाईने कागद छापले. "अध्यक्षसाहेब, एकच सही राह्यली," म्हणाले. माझ्याच दुकानात पंक्चर काढणाऱ्याच्या मुलीच्या कागदावरची. हिंदू घर, शाळा जवळ पडते म्हणून इथे घातलेली. धर्माच्या तासाला मी तिच्या वर्गाबाहेर थांबून ऐकलं. सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात वरचा आवाज तिचाच.

दुपारी त्याला कागद दाखवला. "पोरीले त्या तासाले बसवाचं का नाई? तुझी मर्जी सांग." तो हात पुसत हसला. "भाऊ, तुम्ही आनला म्हंजे इचार करूनच आनला असान. कुठी करू सही?" घरी ने, बायकोशी बोल, उद्या सांग, एवढं म्हणायला काय लागत होतं? मी पेन पुढे केलं.

तपासणी झाली. साहेब म्हणाले, कागद एकदम चोख.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? कपाटात राहील. पण खरं सांगतो बाई, तो पंक्चरवाला लगेच हो म्हणाला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आणि परवा शाळेत काम होतं, तर तो धर्माचा तास संपेपर्यंत मी फाटकाबाहेर गाडीतच बसून राहिलो, काचा वर करून.