विकीचं काम नंदनने घेतलं

रविवार संध्याकाळ, मुलुंड

नंदनने आज आमच्या सॉफ्टवेअरच्या सगळ्या ग्रुपला मेल केला. "स्मिताला आता झेपत नाही, विकीचं पॅकेज यापुढे मी बघेन." झेपत नाही! हे मी फक्त त्याला सांगितलं होतं, पार्ल्यात चहा पिताना, बाबांच्या ऑपरेशनचा विषय निघाला तेव्हा. मित्र म्हणून.

आम्ही हौशी मंडळी लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली सांभाळतो; तिच्यातलं विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून माहितीची पानं लिहायचं सॉफ्टवेअर, जुनं झालंय. ते लोकांना सहज बसवता येईल असं बांधून द्यायचं, त्यालाच पॅकेज म्हणतात. नवी आवृत्ती आणायची म्हणून एकेकाला गळ घालून माणसं मीच जमवली. नंदनलाही मीच आणलं. फुकटचं काम, पण माझं होतं ना?

फोन केला. म्हणाला, "अगं, तुझाच भार हलका केला."

"मग आधी विचारायचंस ना रे!"

"तू नाही म्हणाली असतीस."

म्हणजे माहीत होतं त्याला. झेपत नाही म्हणजे नको, असं कधी म्हटलं मी? बाकीच्यांनी त्याचं अभिनंदन केलं. मला एकानेही विचारलं नाही.

तरी नव्या आवृत्तीच्या चाचणीत मला सापडलेल्या चुका त्याला पाठवल्या. विकी वापरणाऱ्यांची वाट कशाला लागू द्यायची?

बाबांनी विचारलं, कोणाचा फोन होता? मित्राचा म्हणायला तोंडच उघडेना. कामाचा होता, म्हटलं.