धूर दीर्घ लिहायचा

रामनगर,
३ जून २०२४

ती. स्व. शरदिनीमावशीस,
केयूरचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या घाटावरून रोज इकडच्या बँकेत कामाला येणाऱ्या बाळूदादाने तुझे पत्र दिले. माझे मागचे पत्रही तपासून परत आले. लाल शाईची एकच खूण होती, बरे वाटले. माझी आठवीत शाळा सुटली, तरी तुझी शाळा सुटलेली नाही.

गॅरेजात गाडीखालचा जॅक निसटल्यापासून माझा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि तुला फोनवरचे ऐकू येत नाही, त्यामुळे काकांच्या अँबॅसडरचा एसी मला पत्रातूनच दुरुस्त करावा लागतो आहे. इतक्या जुन्या गाडीत वरून एसी बसवताना माझ्या मनात धाकधूक होतीच.

तू लिहितेस, गाडी पळताना गार वाटते आणि गर्दीत थांबली की गरम. पुढच्या जाळीमागचा पंखा फिरतो का, ते काकांना बघायला सांग. फिरत असेल तर बाहेरच्या लूची गरम झळ आत शिरत असणार. मग चारही काचा पूर्ण वर घ्या. पुढची तिकोनी काच सैल आहे, तिच्या फटीत कापडाची घडी दाबा. एसीच्या नळ्या इंजिनाकडून आत घेण्यासाठी मी डॅशबोर्डखाली भोक पाडले आहे. त्यावरचे रबर जागेवर आहे ना, तेही बघा. ईशानीला पुढे बसवू नका, नातीचे लाड मागच्या सीटवर करा. पाण्याची बाटली उन्हात ठेवू नका. गाडी उतारावर लावली तर चाकाला वीट लावा.

काका हसतील, ठाऊक आहे. तरी त्यांना हे वाचून दाखव. तुझी माया आहे तशीच राहो.

तुझा,
केयूर

राजा घाट,
६ जून २०२४

चि. केयूर यास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझा इलाज लागू पडला. पंखा फिरतो आहे, काचा गच्च बंद केल्या आणि गाडीत माघ महिना आला. काल नातीनं माझी शाल ओढून घेतली. रबराचं विचारशील तर काका म्हणतात, तिथवर वाकलो तर एसीच्या आधी माझी कंबर दुरुस्त करावी लागेल. तुझी विटेची सूचना त्यांनी घाटावर चौघांना ऐकवली. म्हणाले, या मुलाला सरबताच्या पेल्यातही बुडायची भीती वाटते.

काचा लावल्यापासून जुन्या गाडीचा वास आत कोंडतो, म्हणून त्यांनी केवड्याच्या इत्राचा फाया आरशाला बांधलाय. झकास वास येतो.

माझं मात्र गॅसचं दुखणं पुन्हा निघालं. गाडीत बसलं की डोकं जड होतं, मळमळतं. ओवा खाऊन पाहिला. ईशानीही परवा उतरल्या उतरल्या ओकली. चाट खाल्ली होती म्हणून रागावले तिला. काका तर गाडी चालवताना जांभया देतात. घाटाच्या पायरीवर वाऱ्याला बसलं की आम्ही तिघंही ठणठणीत. काका म्हणतात, माझा गॅस आंब्याच्या डाळीचा आहे.

हे पत्र उद्या सकाळी बाळू आणील. दुपारी जेवून आम्ही गाडीनं विंध्याचलला देवीच्या दर्शनाला निघू. पायाला जप. आठवण ठेवतोस, तेवढं पुरे.

तुझी,
मावशी

रामनगर,
७ जून २०२४

मावशी,

पोटातला गॅस नाही. गाडीत कोणीही बसु नका. विंध्याचलला जाऊ नका.

इंजिनातला धुर आत येतो आहे. सायलेन्सरचा पाइप जिथे इंजिनाला जोडलेला असतो तिथे गळत असणार, आणि मी पाडलेल्या भोकातून एसीचा पंखा तो आत ओढतो आहे. आधी काचा उघड्या होत्या म्हणून निघून जात होता. काचा बंद करायला मी सांगितले. त्यातला जो वायू मारतो त्याला वास नसतो. माणूस झोपतो आणि उठत नाही. वाऱ्यात तुम्हाला बरे वाटते ते त्यामुळेच.

काकांना फोन केला. म्हणाले, तुझी भीती आम्हाला पाठ आहे, आणि बंद केला. आता उचलत नाहीत. बाळूदादा हे पत्र घेऊन मोटरसायकलने उलटा येतो आहे, तो माझ्या आधी पोहोचेल. मीही रिक्षा बघतो.

ईशानीचा हात धरून ठेव. हे निट वाच.

केयूर

राजा घाट,
११ जून २०२४

चि. केयूर यास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

काकांना काल इस्पितळातून घरी आणलं. बोलतात, वरण-भात खातात. गाडीची चावी कुठे आहे, ते मात्र विचारत नाहीत.

त्या दिवशी तू पोहोचण्याआधी काय झालं, ते लिहिते. बाळू पत्र देऊन बँकेत परतला. काकांनी ते मोठ्यानं वाचलं आणि हसले. सरबताचा पेला पुन्हा निघाला. खरं सांगते, मीही हसणार होते. मग कागद हातात घेतला आणि 'बसु' दिसलं. त्याखाली 'धुर'. तू दोनदा वाचल्याशिवाय कागदाची घडी घालत नाहीस. ईशानीला घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर बसले आणि येत नाही म्हटलं.

काका भडकले. म्हणाले, तुझ्या शुद्धलेखनासाठी माझी गाडी थांबणार नाही. आत बसले, दार आतून लावलं, काचा वर, एसी सुरू. आम्ही नमू म्हणून वाट बघत राहिले. डोळे मिटून काचेला डोकं टेकलं, तेव्हाही मला वाटलं, रुसलेत. रुसण्यात त्यांना कोण हरवणार? मी मुद्दाम दुसरीकडे बघत बसले.

तू रिक्षातून एका पायावर उतरलास आणि कुबडीनं काच फोडलीस. फुटल्याचा आवाज मला आला नाही. तुझं तोंड उघडं दिसलं आणि ईशानीनं कान झाकलेले दिसले. तेवढंच आठवतं.

बाळूनं नंतर डॅशबोर्डखाली पाहिलं. रबर निसटलंय, भोकाच्या कडेला काजळी आहे. काचा बंद करायला तू सांगितलंस हे तू मनात धरून बसशील. रबर बघायलाही तूच लिहिलं होतंस. ते आम्ही पाहिलं नाही.

बसू, धूर, नीट. तिन्ही दीर्घ. पण त्या पत्राला मी लाल शाई लावलेली नाही, आणि ते तुला परत मिळणार नाही.

पाय टेकायला लागला की जेवायला ये. आणि यापुढे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ. एक जरी चुकलं, तरी मला रात्रभर झोप लागणार नाही.

तुझी,
शरदिनीमावशी