बाबांच्या टेबलावरचे घाव

ती. आईस नमस्कार.

सुखरूप पोचलो, जेवणही वेळेवर होतंय. तुझी कंबर कशी आहे? बाबा गेल्यापासून त्यांची औषधं खिडकीतच आहेत. राहू देत, मी आल्यावर आवरीन.

बाबांनी तीस वर्षं सुतारकाम केलं त्या हवेलीचं हॉटेल फारच चकचकीत झालंय. बाबांच्या खोलीत आता पाहुणे दारू पितात, तीही त्यांच्या कामाच्या टेबलावर. टेबलभर करवतीचे घाव. एक बाई त्यांवर बोट फिरवत म्हणाल्या, "बाई गं, किती अस्सल!"

मी मॅनेजरला म्हटलं, "बाबा करवतीखाली नेहमी फळी ठेवायचे. या टेबलावर ओरखडा नव्हता."

तो हसला. "अहो, गुळगुळीत टेबल जुनं वाटेना. आम्हीच माणूस लावून घाव पाडून घेतले. छान जमलेत ना? आता वर वडिलांचा फोटो लागला की झालं."

आई, तू फोटो किती हौसेने पुसून दिला होतास, ते मला ठाऊक आहे. पण त्या घावांवर तो लावला तर येणारा-जाणारा बाबांनाच गचाळ कारागीर समजेल. असल्या शहाण्यांना त्यांनी दारातही उभं केलं नसतं. मी फोटो दिला नाही.

"हरकत नाही," तो म्हणाला, "दुसऱ्या कुठल्या म्हाताऱ्याचा लावू."

तो म्हाताराही कुणाचा तरी बाप असेल, हे मॅनेजरच्या डोक्यातही आलं नाही.

रागावू नकोस. कंबरेला शेक घेत जा.

तुझा धाकटा