विंचूरला मी गाणार नाही

८ जानेवारी, गुरुवार

भाग्यश्री आज पुन्हा च्युइंगम चघळत प्रॅक्टिसला आली! लॅटिन प्रार्थना आणि तोंडात च्युइंगम. आमचं गाणं बसवणाऱ्या कुंदन सरांनी हात वर केला तेव्हा तिने तो गोळा कागदाच्या कोपऱ्यात गुंडाळला. त्याच कागदाच्या, ज्यावर प्रार्थना छापली आहे. सर काही बोलले नाहीत. सर कुणालाच काही बोलत नाहीत.

चर्चच्या गायकवृंदात आम्ही सोळा जण. चार आवाज, चार वेगळ्या चाली, सगळ्या एकाच वेळी. आम्ही आल्टो — बायकांतला खालचा आवाज. आमच्या वाट्याला धड चालही नाही. एकच सूर धरून बसायचं आणि वरच्या-खालच्यांना त्यावर फिरू द्यायचं. मला ते आवडतं. पण शेजारणी कंटाळतात, मध्येच घड्याळ बघतात, सूर खाली बसतो.

या सोळांत प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत असलेली मी एकटी. बाकीच्यांनी लॅटिन देवनागरीत लिहून घेतलंय आणि पाढ्यांसारखं म्हणतात. आज मयूरला विचारलं, "शेवटी आपण 'पाचेम' म्हणतो, म्हणजे काय?"

"काय की. ते झालं की चहा येतो."

सगळे हसले! शांती, शहाण्या. शांती मागतोस तू देवाकडे. बारशापासून चर्चला येणारा माणूस!

आणि मी कोण? मखमलाबादच्या झेंडूवाल्यांची मुलगी. घरी गणपती, खंडोबा. कॉलेजात इंग्रजीच्या तासाला याच कुंदन सरांनी एकदा मोबाइलवर असं गाणं ऐकवलं होतं. वर्ग कुजबुजत होता आणि माझ्या अंगावर काटा आला होता. पुस्तकं मिळवून एकेक ओळ स्वतः लावली मी. यांना ते आयतं मिळालं, म्हणून किंमत नाही.

११ जानेवारी, रविवार

मिस्सात, रविवारच्या उपासनेत, गायलो. तिसऱ्या बाकावरचे गृहस्थ पूर्ण वेळ नखं कुरतडत होते. नंतर मुद्दाम येऊन म्हणाले, "व्हेरी नाइस."

१५ जानेवारी, गुरुवार

सरांना काय झालंय?

विंचूरच्या वाइन पार्कमधल्या एका वाइनरीने बोलावलंय. तळघरात गायचं, पाहुणे वाइन पीत असताना. सर लहान मुलासारखे सांगत होते — "दगडी कमानी आहेत. मी आत जाऊन टाळी वाजवून बघितली. आवाज टिकतो तिथे! आपल्या इथे वर पत्रा, सहा पंखे, तोंडातून निघाला की मेला. हे जसं ऐकू यायला हवं, तसं मला एकदा ऐकायचंय."

तारीख — चौदा फेब्रुवारी!

"सर, व्हॅलेंटाईन हो!" मयूर ओरडला. "बदामाचे फुगे लावतील."

"मग शांतीच मागू. जोडप्यांना लागते," सर म्हणाले.

हशा. भाग्यश्रीला एकच काळजी — "चीज देतात ना तिथे? मी पैठणी नेसू का?"

मी उभी राहिले. म्हटलं, मी विंचूरला गाणार नाही.

"का गं, घरून प्रॉब्लेम?" मयूर.

"घरून नाही. ही प्रार्थना आहे. दारू पिणाऱ्यांच्या गप्पांमागे वाजवायची कॅसेट नाही."

मग भाग्यश्री — "बाई गं! प्रार्थना आमची आणि प्रॉब्लेम तुला?"

एकानेही तिला टोकलं नाही. सर कागद गोळा करत होते.

१६ जानेवारी, शुक्रवार

घरी सांगितलं. वाटलं, इथे तरी कुणाला धक्का बसेल. अण्णा पाटीवर ओलं पोतं टाकत होते. म्हणाले, "मोठा कार्यक्रम हाय मंग. फुलं लागतील का त्यांना? इचार ना."

आई म्हणाली, "देवाचंच म्हणता ना? मंग कुठं का म्हणंना."

घरातली पहिली ग्रॅज्युएट. बोलायचं कुणाशी — भिंतीशी?

२४ जानेवारी, शनिवार

वाइनरीचा मॅनेजर प्रॅक्टिस ऐकायला आला. बूट टोकदार. ऐकताना मोबाइल. गाणं संपल्यावर म्हणाला, "मस्त. ॲम्बियन्स येईल. फक्त जरा सॉफ्ट ठेवा, गेस्टना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे."

आणि सर म्हणाले, "बरं."

बरं! ज्या माणसामुळे मी इथे आले, तो माणूस 'बरं' म्हणाला. बाकीच्यांचा राग येत नाही. ते चीजसाठी चाललेत आणि तसं तोंडाने सांगतातही. सर तर दगडी भिंतींसाठी चाललेत! आवाज टिकतो म्हणे. कशाचा आवाज, हे नको बघायला?

उद्या फादरना भेटणार. कुणीतरी बोललंच पाहिजे.

२५ जानेवारी, रविवार

भेटले. मिस्सा झाल्यावर, ऑफिसात. सगळं सांगितलं. च्युइंगम, चहा, मॅनेजरचं सॉफ्ट, सगळं. म्हटलं, "फादर, ही माणसं काय गातात हे त्यांनाच माहीत नाही. श्रद्धा नसताना पवित्र शब्द तोंडी घेऊ नयेत. वाइनरीत तर नाहीच नाही."

फादर मध्ये एकदाही बोलले नाहीत. इतक्या शांतपणे आजवर माझं कुणी ऐकलं नव्हतं.

शेवटी म्हणाले, "श्रद्धेशिवाय गाऊ नये. बरोबर आहे तुझं, बेटा. अगदी बरोबर. मी या बाजूने विचार केला नव्हता."

सायकलवरून घरी येताना मोठ्याने गात आले. मखमलाबाद रोडवर लॅटिन! एका ट्रॅक्टरवाल्याने वळून बघितलं.

२९ जानेवारी, गुरुवार

प्रॅक्टिसला गेले. यांना अजून पत्ता नाही. भाग्यश्री कानातल्यांचे फोटो दाखवत होती. बघू दे. दोन दिवसांची मजा.

१ फेब्रुवारी, रविवार

फादरनी मिस्सा संपल्यावर आम्हाला थांबवून घेतलं. दोन गोष्टी सांगितल्या.

एक — वाइनरीच्या कार्यक्रमात चर्चचं नाव वापरायचं नाही. मी सरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "नाही वापरत, फादर. आम्ही आमचे जाऊ." एवढंच! फादर म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा. म्हणजे कार्यक्रम होणारच!

दुसरी — मिस्सात गायचं तर श्रद्धेने. म्हणून यापुढे गायकवृंदात फक्त बाप्तिस्मा झालेले.

मला आधी कळलंच नाही. इतरांच्या माना माझ्याकडे वळल्या तेव्हा कळलं. सोळांत बाप्तिस्मा न झालेली मी एकटी.

फादर माझ्याकडे बघून प्रेमाने हसले. "तू नेहमी ये, बेटा. बाकावर बसून ऐकायला कुणालाही मनाई नाही."

ते गेल्यावर गलका झाला. मयूरचा चेहरा लाल. "हिला काढलं तर आल्टो कोण गाणार? पंखे?"

"कुणीतरी फादरचे कान भरलेत," भाग्यश्री म्हणाली. "कुठल्या भवानीने केलं ते सापडू दे मला, झिंज्या उपटते तिच्या!" आणि माझा हात घट्ट धरून ठेवला. तिचा हात घामेजलेला होता. सोडवून घेता येईना.



५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रॅक्टिसची वेळ. घरी बसून कळ्या निवडल्या. आईने दोनदा विचारलं, "आज जायचं नाय का?"

सरांचा फोन आला. म्हणाले, "फादरनी सांगितलं मला, कोण आलं होतं ते. मी इथे कुणाला बोललो नाही."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"स्नेहल, विंचूरला येतेस का? तिथे कुणी बाप्तिस्मा विचारत नाही."

मी म्हटलं, "सर, प्रश्न तत्त्वाचा आहे."

"बरं," म्हणाले.

पुन्हा बरं! या माणसाला भांडता का येत नाही!

८ फेब्रुवारी, रविवार

गेले. शेवटच्या बाकावर बसले. ऐकायला मनाई नाही म्हणाले ना, मग ऐकू.

आल्टो रडतखडत. तिसऱ्या ओळीपाशी आमचा सूर अर्धा उतरला, वरच्या बायका अधांतरी. भाग्यश्री ओढून नेत होती सगळ्यांना — भसाड्या आवाजात, मान वर करून. अर्थ माहीत नसलेली ती बाई कुणालाच पडू देत नव्हती. सर हाताने खूण करत होते — वर, जरा वर. मला एवढ्या लांबून दिसत होतं नेमकं कुठे धरायला हवं. नकळत तोंडातून आमची ओळ निघायला लागली. अगदी हळू.

शेजारच्या बाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला. "अहो, गाऊ नका. ऐका जरा."

मग उठून बाहेर आले. मागून 'पाचेम' आलं, पंख्यांच्या आवाजात मिसळलेलं. सायकलचं कुलूप उघडेना.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज प्रार्थनेचा कागद फाडला. नंतर चिकटवला. मूर्खपणा!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सरांना मेसेज केला — "किती वाजता पोचायचं?" बाकी काही लिहिलं नाही. त्यांचंही तेवढंच उत्तर — "पाच. काळे कपडे."

आईला सांगितलं. "तूच तं नाय म्हणत होती." हो. मीच.

१४ फेब्रुवारी, शनिवार

विंचूरच्या एसटीत. निफाड मागे पडलं. संध्याकाळी फुग्यांखाली उभं राहून, लोक वाइन पीत असताना, सॉफ्ट आवाजात शांती मागायची आहे. दुसरीकडे कुठेच मला ती मागू देत नाहीत.