वाढत्या अंगाचं कार्ड

तर दाजी, कॉम्प्युटरचं कॅबिनेट म्हणजे ब्लाउज नव्हे, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं आणि आता कागदावर सांगतो. कागदावर अशासाठी, की तुम्ही फोन कायम स्पीकरवर टाकता, आणि तुमच्याकडे शिलाईची खोली, चूल आणि बारक्याची कॉट हे सगळं एकाच पडद्याच्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे मी तुम्हाला गाढव म्हणालो (म्हणत नाही, थोरल्या बहिणीचे नवरे आहात), तरी ते तुमच्याआधी बारक्याला ऐकू जाणार आणि तो ते दिवसभर पुरवून वापरणार. मी काय विचारलं होतं? कॉम्प्युटरच्या डब्याची आतली लांबी किती. तुम्ही म्हणालात, साडेतेरा इंच. मी तुमच्या शब्दावर बारक्यासाठी साडेबारा इंचांचं कार्ड घेऊन बसलो. परवा ताईने पट्टी लावली तर डबा आतून बारा! वरचा दीड इंच कुठून आला म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणता, गच्च बसू नये म्हणून जरा सैल सांगितलं. अहो, इथे डबा म्हणजे सदरा आणि कार्ड म्हणजे अंग. सदऱ्याचं माप फुगवून सांगितलं म्हणून आतला माणूस बारीक होतो का? सगळं आयुष्य गळ्यात टेप घालून काढलंत, आणि जिथे एकदाच खरं माप हवं होतं तिथे तुम्हाला अंगावर दाटण्याची काळजी!

असो. रागाच्या भरात रीत राहून गेली. तुम्हाला आणि ताईला वाकून नमस्कार. तुमची कंबर, ताईचा खोकला आणि मशीनचा तुटका पट्टा, तिघांचीही मी आपुलकीने चौकशी केली असं समजा. मी बरा आहे. कोल्ड स्टोअरेजमध्ये माणूस खराब होत नाही, हा एक फायदा. (मटारही होत नाहीत. आम्ही शेजारी शेजारी असतो.) मुकादम मात्र अजून तसाच आहे. थंडीत माणूस कमी बोलतो असं ऐकलं होतं, पण ह्याच्या तोंडातून वाफ आणि शिव्या बरोबरीने निघतात. आत जाड कोट घालून खोकी रचायची, मग बाहेर हीटरपाशी येऊन बोटं उघडायची, परत आत. बाहेर आल्यावर बोटं आपली राहत नाहीत. कोटाचं बटण निघत नाही. शेजारचा माझं काढून देतो, मी त्याचं. पहिल्यांदा लाज वाटली, आता वाटत नाही. मग त्याच बोटांनी मी मोबाइलवर बारक्याचा तो खेळ खेळून पाहिला. माझा माणूस पहिल्याच भिंतीवर आपटून मेला. बारक्या तीन बोटांवर अख्खी टोळी चालवतो, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे माहीत होतं, पण कळलं तेव्हा.

तर ग्राफिक्स कार्ड. तुम्ही म्हणता, तो एक पत्रा, त्याला दोन पंखे, त्याचं एवढं काय. दाजी, मी सातवीत शाळेचा नाद सोडला, पण हीटरपाशी बसून ह्या विषयाचे इतके व्हिडिओ पाहिलेत की आता मला झोपेतही कार्डांचे नंबर दिसतात. तुम्हाला तुमच्या भाषेत सांगतो. कॉम्प्युटर म्हणजे शिंपी आणि कार्ड म्हणजे त्याचा मदतनीस, जो फक्त चित्रं शिवतो. सेकंदाला साठ-सत्तर चित्रं शिवावी लागतात, तेव्हा कुठे पडद्यावरचा माणूस धावतोय असं वाटतं. मदतनीस जुना असला की धागा अडकतो, माणूस धावता धावता थबकतो आणि तेवढ्यात त्याला कोणीतरी गोळी घालतं. आता जी नवी कार्डं आलीत ती त्याच्या पुढची. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये ती स्वतःच्या मनाने तिसरं चित्र घुसडतात. (आमचा मुकादम हजेरीत हेच करतो. त्याला कोणी तंत्रज्ञान म्हणत नाही.) आणि मुख्य म्हणजे प्रकाश. जुन्या खेळांत प्रकाश रंगवलेला असायचा. नव्यात तो खरोखर दिव्यातून निघतो, डबक्यावर पडतो, तिथून उसळून भिंतीवर जातो. त्यासाठी कार्डात वेगळी सोय लागते. आत्तापर्यंत ती नसली तरी चालायचं. ह्यापुढे जे मोठे खेळ येणार, त्यातले काही तिच्याशिवाय उघडणारच नाहीत म्हणे.

आणि बारक्याला नेमका तसलाच एक हवाय. तो पडक्या शहराचा खेळ, ज्याची जाहिरात तो मला फोनवर सारखी दाखवतो. त्यात पाऊस पडून गेलेला असतो आणि प्रत्येक डबक्यात आकाश वेगळं दिसतं. तो यायला अजून दोन वर्षं आहेत. बारक्या मला एवढंच म्हणाला, "दादा, आणायचं तर पुढचं चालणारं आण, नाहीतर राहू दे." मी बरं म्हणालो. आणि मग तुम्ही फोन घेतलात आणि आवाज खाली करून (स्पीकर तसाच ठेवून!) म्हणालात, आत्ताच्या खेळांना पुरेल असं घे, पुढचं कशाला, अरे तोवर... आणि मशीन सुरू केलंत. तोवर काय, दाजी? शिंप्याने धागा असा मधेच सोडू नये. मशीनच्या घरघरीत वाक्य बुडवता, ते मला इतक्या लांबून ऐकू येतं. बारक्याचा पडदा तर दोन हातांवर आहे.

तुमच्यावर मी चिडलोय असं समजू नका. म्हणजे चिडलोय, पण तुम्ही वाईट आहात म्हणून नव्हे. आई-वडील गेल्यावर तुम्ही ताईबरोबर मला आणि माझ्या पाठच्या बारक्यालाही पदरात घेतलंत. आमच्या शाळेच्या पँटी तुम्हीच शिवल्यात, त्याही कायम वाढत्या अंगाच्या. कमरेत दोन पोरं मावतील आणि खाली चार बोटं कापड आत दुमडलेलं. आम्ही वर्गात शिरलो की तंबू चालत आल्यासारखं दिसायचं. दर वर्षी तुम्ही एक घडी उसवायचात, मग जुन्या दुमडीची काळी रेघ पायावर दिसायची, आणि पोरं रेघा मोजून आम्हाला इयत्ता विचारायची. बारक्याला तिसरी रेघ आली तेव्हा तो मला मिरवून दाखवायला आला होता. त्यानंतर त्याचं जिन्यात पडणं सुरू झालं.

तर मी दुकानात गेलो. बरोबर माझ्या खोलीतला वायरमन होता, कारण मला एकट्याला फसवतील अशी त्याला खात्री आहे. दुकानदार जाड चष्म्याचा, मान वर न करता बोलणारा. त्याने समोर दोन खोकी ठेवली. एक लहान आणि आवाक्यातलं. आजचे खेळ झकास चालतील, पुढच्यांचं सांगता येत नाही म्हणाला. दुसरं मोठं. त्यात मेमरी दुप्पट, प्रकाशाची सोय, मनाने चित्र घुसडण्याची सोय, सगळं. मी विचारलं, म्हणजे हे भविष्यातलं सगळं चालवेल ना? तो म्हणाला, भविष्याची हमी कोणी देत नाही, फक्त ह्याची उडी लांब आहे. मग त्याने चौकशी सुरू केली. मुलगा खेळायला किती वेळ बसतो? मी म्हणालो, बसत नाही, आडवाच असतो. तो हसला. हल्लीची पोरं फार आळशी झालीत म्हणाला. मीही हसलो. वायरमन हसला नाही, त्याने माझी बाही धरली.

मग त्याने सरळ विचारलं, "किती वर्षं चालायला हवं तुम्हाला?"

मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, कोणीतरी खाकरलं. वायरमन म्हणाला, पाच सांग. माझ्या तोंडातून पाच निघेना. दोनही निघेना. शेवटी मी उलटा प्रश्न टाकला, तुम्ही किती देता? तो म्हणाला, तीन वर्षांची वॉरंटी, शिक्का मारून. दाजी, बारक्याची डॉक्टरांची फाइल आता दोन्ही हातांनी उचलावी लागते असं ताई सांगते. त्यातल्या एकाही पानावर कोणी तीन वर्षं लिहून दिली आहेत का? ह्या माणसाने माझं नावही न विचारता दिली. मी मोठं खोकं उचललं.

खोलीवर आणून उघडलं (तिथेच चुकलं, उघडलेलं तो परत घेत नाही). विटेएवढं जड आहे. बारक्याला फोनवर दाखवलं तर आधी पाहतच राहिला, मग त्याचे प्रश्न सुरू झाले. हे एवढं लांब, मावेल का? म्हणून ताईने पट्टी लावली आणि पुढचं रामायण तुम्हाला माहीत आहे. वायरमन म्हणाला, एवढ्या वजनाचं कार्ड डब्यात एका बाजूने झुकतं, खालून टेकू द्यावा लागतो. त्यावर बारक्या म्हणाला, "त्यालाही मानेखाली उशी लागते का? मग जमेल आमचं." ताई हसता हसता फोनसमोरून बाजूला झाली. तुम्ही मशीन सुरू केलंत.

अजून एक सांगतो. त्याच्या टोळीतली पोरं त्याला कप्तान म्हणतात. कुठल्या कुठल्या देशांतली. तो त्यांना झाप झाप झापतो आणि ती मुकाट ऐकतात. त्याला कूस बदलायलाही ताई लागते, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही. त्यांच्या लेखी हा कोणी गलेलठ्ठ माणूस खुर्चीत रेलून हुकूम सोडतोय. एकाने भेटायचं विचारलं, तर ह्याने उत्तर दिलं, मला सवड नाही. आता ती सगळी पोरं दोन वर्षांनी त्या पडक्या शहरात शिरणार आहेत आणि कप्तान कोण असेल हे आत्ताच ठरलंय. त्याने मला सांगितलं नाही, मी चोरून ऐकलं. दाजी, तो एकटाच घरात असा आहे जो "दोन वर्षांनी" म्हणताना अडखळत नाही. आपण तिघं अडखळतो. म्हणून त्याला लहान खोकं देणं मला जमलं नाही. खोकं उघडता उघडता त्याने आपल्या तिघांचा हिशेब वाचला असता.

आता रजेचं. ह्या वर्षी मला यायला जमणार नाही. मुकादमाने रजा नाकारली. फार हटून बसलाय. कार्ड आणि हे पत्र वायरमनबरोबर पाठवतोय, तो गावी निघालाय. तोच येऊन बसवून देईल. त्याला पोटभर जेवू घाला आणि बारक्यासमोर माझ्याबद्दल फार बोलू देऊ नका.

ताईला सांभाळा, स्वतःला सांभाळा, आणि फोनचा स्पीकर बंद करायला शिका.

तुमचा, तुमच्यापेक्षा कमी शिकलेला आणि तुमच्याइतकाच हट्टी मेव्हणा

ता. क. — डबा कापू नका! डब्यात पुढच्या बाजूला एक पत्र्याचा पिंजरा असतो, तो चार स्क्रूंवर आहे. तो काढला की दीड इंच मोकळा होतो. म्हणजे तुमचं साडेतेरा शेवटी खरं ठरलं. हे मी कबूल केलं असं कोणालाही सांगू नका.

आणखी ता. क. — मुकादमाने रजा दिली होती. शिव्या देत, पण दिली होती. माझ्या तिकिटाचे पैसे मोठ्या खोक्यात गेले. बारक्याला कळू देऊ नका, तो कार्ड विकायला लावेल आणि मला यावं लागेल. आलो की मी काय करतो, तुम्हाला माहीत आहे. कॉटशेजारी बसतो, बोलायला काही सुचत नाही, आणि तोच मला धीर देतो. त्यापेक्षा कार्ड बरं, ते त्याच्या कामाचं आहे. तुम्हाला हे चूक वाटलं तर तसं लिहा. पण त्याला विचारू नका. तो मला निवडेल अशी मला भीती वाटते.

शेवटचा ता. क. — परवा फोनवर ताई त्याचे पाय सरळ करत होती, तेव्हा त्याची नवी करडी पँट दिसली. शिलाई सुरेख आहे. खाली मात्र कापड बोटभरच दुमडलंय, नुसती कड बसेल एवढंच. कापड कमी पडलं असेल. पण दाजी, आमच्या कुठल्याच पँटीला तुमच्याकडे कापड कमी पडलं नव्हतं, आणि त्याला अजून अठरावं लागायचंय. डब्याच्या मापात दीड इंच सोडणारा माणूस इथे हात आखडतो, हे बरं नव्हे. त्यालाही दिसतं ते. दिवसभर पायांकडेच तर बघत असतो. तेव्हा एक निळी शिवा. कमरेत सैल, आणि खाली चार बोटं आत, पूर्वीसारखी. वायरमनकडे वेगळं पाकीट दिलंय. कापडाचे. अकराशे.