मिक्सर माझ्या हाती

४ जून
आमच्या निवृत्त कर्मचारी संघाच्या मीटिंग रूममध्ये मिक्सर आला. समोर सहा माइक, भिंतीवर स्पीकर, शिवाय घरून ऑनलाइन बसणारे सभासद. कोणाचा आवाज कुठे जायचा ते या पेटीवर ठरतं. चालवणार कोण विचारलं तर सगळ्यांच्या माना खाली. तीस वर्षं ऑफिसचा टेलिफोन बोर्ड सांभाळलेली बाई समोर बसलीय, हे एकालाही सुचू नये! मीच उठले. महिनाअखेर अध्यक्षपदाची निवडणूक आहे, माणसाने दिसावं.

६ जून
साउंडवाला शिकवून गेला. खोलीचं बटण वेगळं, ऑनलाइनचं वेगळं, इकडे कमी केलं म्हणून तिकडे कमी होत नाही, असं काहीसं. मी म्हटलं, मला कॉन्व्हेंटात नन्सनी शिकवलंय, एकदाच सांगा. माहितीपत्रकात स्पेलिंगच्या अकरा चुका. लाल पेनाने सुधारून त्यालाच परत दिलं.

११ जून, दुपार
ऑनलाइनवाल्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो म्हणे. आपण काय बोलतो ते एकदा ऐकावंच माणसाने. तरी एक बटण दाबलं, थांबलं. कुठलं ते आठवत नाही.

१८ जून
माझ्या माइकचं खोलीतलं बटण शून्यावर ठेवलं. मनातलं बोलायची सोय झाली. हेडक्लार्क (अध्यक्षपदासाठी उभा आहे, माझ्याविरुद्ध!) चाळीस मिनिटं बोलला. नोकरीत फाइल दाबून बसायचा, आता माइक. मग घरून ऑनलाइन माझ्या नणंदबाई, त्याही याच ऑफिसातल्या. वन्संचं बोलणं म्हणजे राँग नंबर, ठेवला तरी पुन्हा वाजतो. हे सगळं अर्थात पुटपुटत. पडद्यावर सगळे हसतमुख. आवाज स्वच्छ मिळाला की माणसं खुलतात.

२५ जून
ऑनलाइन नऊ असायचे, आज तेवीस! चिटणीस चकित. मी नाही. हे सांगत होते, वन्संचा फोन होता, वहिनी मिक्सर सोडणार नाहीत ना, असं काळजीने विचारत होत्या. इतक्या वर्षांनी नणंदेला किंमत कळली. आभाराचं भाषण लिहिलं, दीड पान.

३० जून
मतदान. खोलीत मला अकरा, हेडक्लार्कला सात. ऑनलाइन हेडक्लार्कला तेवीस, मला शून्य.
मी खुलासा मागितला. चिटणीस छताकडे बघू लागले. स्पीकरवर वन्सं आल्या. "वहिनी, तुमचा माइक आमच्याकडे पहिल्यापासून चालू आहे. तुम्ही अध्यक्ष झालात तर मिक्सर दुसऱ्याकडे जाईल. मग आम्ही मीटिंगला यायचं तरी कशाला?"
मिक्सर तहहयात माझ्याकडेच, असा ठराव लगेच एकमताने झाला. हेडक्लार्कने अनुमोदन दिलं.
भाषणाची चार तुकड्यांत घडी घातली आणि म्हटलं, अगदी हळू, मेले सगळे आगाऊ.
खोलीत कोणाला ऐकू गेलं नाही. पडद्यावर तेवीस जण टाळ्या वाजवत होते.