सगळ्यांचं व्हर्जन एकच

२१ एप्रिल, सकाळ
पहाटे कानात तोच आवाज. चौथीचा वर्ग, टेबलावर गुरुजींची पट्टी टकटक, आणि सगळी पोरं एका दमात कविता म्हणताहेत. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही.
आजच्या पोरांना चार ओळी पाठ येत नाहीत आणि म्हणे वेब कॉम्पोनंट लिहितात!
कामठीच्या शाळेच्या वेबसाइटसाठी आम्ही तिघं, मी, मधुवंती आणि सौरव, अशा कॉम्पोनंटची, म्हणजे पानाच्या तयार तुकड्यांची, लायब्ररी सांभाळतो. बटण, कॅलेंडर, गुणांचा तक्ता; प्रत्येकाचं पॅकेज वेगळं, पण रेपो, म्हणजे कोडचं कोठार, एकच. प्रमुख मी. आजपासून नियम: सगळ्यांचं व्हर्जन, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, एकच. रिलीज होतील तर एकत्रच.

२२ एप्रिल
मधुवंतीनं ग्रुपवर विचारलं, "सर, बटणाचा रंग बदलला त कॅलेंडरनं काहून नवं व्हायचं?" लय कळत नसेल तर गप्प बसावं!
सौरव त्याहून वरचढ. "काका, एकाले खोकला झाला त सगळ्याइले औषध पाजता काय?"
उर्मट.

२४ एप्रिल
मधुवंतीनं परस्पर व्हर्जनं वेगळी केली. परस्पर! मी पुन्हा एक केली.

२६ एप्रिल, दुपार
बटणाचे कोपरे गोल केले, रिलीज केलं. नियमानुसार सगळी पॅकेजेस गेली. माझा अर्धवट राहिलेला तक्तासुद्धा. निकालाच्या पानावरून गुण गायब. तीस तारखेला निकाल!
दोष माझा नाही. कोड तपासणाऱ्या टेस्ट का लिहिल्या नाहीत यांनी? मी नको म्हटलं होतं, ते खरं. पण म्हणून ऐकायचं?

२८ एप्रिल
ग्रुपवर राजीनामा टाकला. आता येतील रडत. माझ्या परतीच्या अटी ठरल्या: मधुवंतीनं माफी मागायची, सौरवनं एक अख्खी कविता न चुकता म्हणायची.
सौरवनं अंगठा पाठवला. नुसता अंगठा!

३० एप्रिल
निकाल लागला. पान चालून राहिलं म्हणे. दोघांनी व्हर्जनं वेगवेगळी केली, तक्ता जुना लावला. चालणारच, पाया माझा आहे. पण पुढचं यांना झेपायचं नाही. आज येतीलच.
बेल वाजली. सदरा बदलला, चेहरा कठोर केला, मुद्दाम वेळ लावून दार उघडलं.
शाळेच्या मुख्याध्यापिका यमुताई. कामठीहून ऑटोनं आलेल्या, घामाघूम, पिशवीत नारळ.
म्हणाल्या, "मधुवंतीनं सांगितलं, सर. निरोपाचा सत्कार इथंच उरकून घेऊ. एवढ्या उन्हात शाळेत यायचा तरास काहून तुम्हाले?"
आणि दारातच माझ्या खांद्यावर शाल टाकली. लोकरीची.